कॅराव्हॅन फ्रिजचं व्हेंट फॅन किट: कुठे पैसे वसूल, कुठे नुसताच आवाज

सकाळी आत ५ अंश दाखवणारा फ्रिज दुपारी तीनला १२ अंशांवर जातो, थर्मोस्टॅट शेवटच्या आकड्यावर नेला तरी काटा हलत नाही, आणि रात्री गारवा पडला की तोच फ्रिज पुन्हा शहाण्यासारखा वागायला लागतो. कॅराव्हॅनच्या फ्रिजबद्दलची ही सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त खपणारा उपाय म्हणजे मागच्या जाळीला लावायचं पंख्यांचं किट. ते तीन प्रकारांत मिळतं: एका पंख्याचं साधं, दोन पंख्यांचं कंट्रोलरसकट, आणि सुटे भाग आणून स्वतः जोडायचं. तिन्हींचा हा लेखाजोखा आहे. सोबत फ्रिजच्या आत ठेवायच्या छोट्या पंख्याबद्दलही लिहिलं आहे, कारण दुकानदार बहुतेक वेळा दोन्ही एकदमच गळ्यात मारतो.

निकाल आधीच सांगतो. १२० मिमीचे दोन पंखे, थर्मोस्टॅटवर आपोआप चालू-बंद होणारे, हे किट घेण्याजोगं आहे. पण फ्रिजच्या मागे हवेची वाटच चुकीची असेल तर चांगल्यातलं चांगलं किटही गरम हवा जागच्या जागी घुसळत बसतं. म्हणून किटच्या आधी पत्र्याचे दोन तुकडे आणि तासाभराची मेहनत लागते. ती का, ते समजायला फ्रिजच्या पोटात थोडं डोकवावं लागेल.

इथे विषय आहे तो गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट अशा तिन्हींवर चालणाऱ्या, अजिबात आवाज न करणाऱ्या ॲब्सॉर्प्शन फ्रिजचा. घुरघुर ऐकू येत असेल तर तुमचा फ्रिज कॉम्प्रेसरचा आहे. त्याच्याबद्दल पुढे थोडक्यात येईल.

मागे नेमकं काय चालतं

बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही रचना काढली, आणि तिचा गाभा आजही तोच आहे. बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेले असतात. खालच्या बॉयलरला उष्णता दिली की पाण्यातून अमोनियाची वाफ सुटते आणि वर कंडेन्सरमध्ये जाते. तिथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन ती द्रवरूप होते. हा द्रव आतल्या बाष्पकात उतरतो, हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना फ्रिजमधली उष्णता शोषली जाते. मग अमोनिया खालच्या ॲब्सॉर्बरमध्ये पाण्यात मिसळतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. पंप नाही, मोटर नाही. सगळा कारभार गुरुत्वाकर्षणावर आणि उष्णतेवर.

यातून निघणारी मुख्य गोष्ट हिशोबाची आहे. बॉयलरला १५० ते १७० वॅट दिले तर ते सगळे, शिवाय आतून काढलेली उष्णता, मागच्या नळ्यांमधूनच बाहेर पडायला हवी. म्हणजे आतून काढायची उष्णता थोडी, आणि मागे फेकायची तिच्या कितीतरी पट. यंत्रातला दाब कारखान्यातच ठरलेला असतो. कंडेन्सर एका मर्यादेपेक्षा गरम राहिला की अमोनियाची वाफ पुरती द्रवरूप होत नाही, आणि आत पोचणारा द्रव कमी पडतो. अशा वेळी थर्मोस्टॅटचं बटण पुढे सरकवून काहीच साधत नाही. बॉयलर आधीच अखंड पेटलेला असतो. अडलेलं असतं ते उष्णता बाहेर टाकण्यापाशी.

आता फ्रिजच्या आतला कारखान्याचा स्टिकर बघा. त्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. एसएन म्हणजे १० ते ३२ अंश, एन म्हणजे १६ ते ३२, एसटी म्हणजे १६ ते ३८ आणि टी म्हणजे १६ ते ४३ अंश. कॅराव्हॅनमधले पुष्कळसे फ्रिज एसएन वर्गातले असतात. बाहेर ३८ अंश असताना एसएनचा फ्रिज धापा टाकत असेल तर त्यात बिघाड काही नाही, त्याची कुवतच तेवढी. आणि हे ३२ अंश फ्रिजच्या सभोवतालच्या हवेचे असतात. मागच्या पोकळीत हवा कोंडली तर बाहेर २८ असतानाही कंडेन्सरच्या लेखी चाळिशी उलटलेली असते.

आधी मोजा, मग खरेदी करा

फ्रिजच्या आतल्या हवेचं तापमान दार उघडताच उड्या मारतं, त्यामुळे त्यावर भरवसा नाही. मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास ठेवा, त्यात थर्मामीटरची तार बुडवा आणि निदान १२ तास जाऊ द्या. तो आकडा खरा, कारण अन्नही त्याच तापमानाला असतं. लक्ष्य ५ अंश किंवा कमी. दुसरी तार वरच्या जाळीतून आत सोडून कंडेन्सरच्या वर लोंबती ठेवा आणि तिसरा थर्मामीटर गाडीच्या सावलीत. वरच्या पोकळीतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडीफार गरम असायचीच; पण फरक १५-२० अंशांचा असेल तर हवा हलत नाही, एवढं पक्कं समजा. फरक कमी असूनही आत गारवा नसेल, तर पंख्यांवर पैसे घालू नका. दुखणं दुसरीकडे आहे.

पत्र्याचा तुकडा, जो कुठल्याच किटमध्ये नसतो

फ्रिजमागची पोकळी हे खरं तर धुराडं आहे. खालच्या जाळीतून थंड हवा आत, कंडेन्सरवरून तापून वरच्या जाळीतून बाहेर. धुराडं ओढ घेतं ते अरुंद असेल तेव्हाच. कंडेन्सरच्या फिन, म्हणजे त्या पातळ पत्र्याच्या ओळी, आणि गाडीची बाहेरची भिंत यांच्यात १५ ते २५ मिमी अंतर असावं. प्रत्यक्षात जाळी काढून हात घातला की पुष्कळदा ८-१० सेमीची ऐसपैस जागा लागते. जास्त जागा म्हणजे जास्त हवा, असं वाटतं खरं, पण हवा आळशी असते. ती भिंतीलगतच्या मोकळ्या वाटेने सरळ वर निघून जाते आणि फिनना शिवतही नाही.

उपाय स्वस्त आहे. ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा मुलामा दिलेला पातळ पत्रा फ्रिजच्या रुंदीइतका कापा, भिंतीच्या बाजूने उभा बसवा आणि फिनपर्यंतची जागा २०-२५ मिमीवर आणा. पत्रा फिनना टेकता कामा नये. खाली बर्नर आणि धुराच्या नळीजवळ थर्माकोल, फोम, प्लायवूड असलं जळणारं काहीही वापरू नका. तिथे फक्त धातू.

दुसरा तुकडा त्याहून मोलाचा. फ्रिजच्या डोक्यावर बहुतेक गाड्यांत रिकामी जागा असते, आणि तापलेली हवा बाहेर पडायचं सोडून तिथे जाऊन बसते. तिथून ती फ्रिजचं छत तापवते, वरचं कपाट तापवते आणि खालून येणाऱ्या हवेची वाट अडवते. फ्रिजच्या वरच्या मागच्या कडेपासून वरच्या जाळीच्या वरच्या कडेपर्यंत तिरका पत्रा लावला की हवेला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पत्र्याच्या मागची, फ्रिजच्या डोक्यावरची जागा मग इन्सुलेशनने भरता येते. दोन्ही बाजूंना फ्रिज आणि कपाट यांत फट असेल तर तीही पट्टीने बंद करा, पण मागच्या फिन झाकू नका. गारवा टिकवायचा म्हणून कंडेन्सरवर इन्सुलेशन गुंडाळणारेही असतात. ते तापलेल्या माणसाला रजई पांघरण्यासारखं आहे.

इथे एक सक्त सूचना. फ्रिजची मागची पोकळी आणि राहण्याची जागा यांच्यातलं सील गॅसचा धूर आत येऊ नये म्हणून असतं. पत्रा बसवताना ते फाटलं तर उष्णतेला टिकणाऱ्या सीलंटने पुन्हा बंद करा, आणि गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर पंख्याच्या आधी तो घ्या.

जाळ्यांचंही तसंच. कीटक येऊ नयेत म्हणून आतून लावलेली बारीक जाळी हवा बरीच अडवते, आणि धूळ बसली की उरलीसुरलीही अडते. थंडीत लावायची प्लास्टिकची झाकणं बाहेर १० अंशांच्या वर गेलं की काढायची. ती वर्षभर तशीच ठेवून फ्रिजला दोष देणारे कमी नाहीत. काही गाड्यांत उघडं दार नेमकं फ्रिजच्या जाळीवर येऊन टेकतं, तर कुठे तंबूसारखी जोडलेली कनात जाळीतून निघालेली गरम हवा कोंडून धरते. हे सगळं फुकटात सुधारतं. गाडी उभी करताना फ्रिजची बाजू दुपारच्या उन्हाकडे येणार नाही एवढं पाहिलं तरी पुष्कळ फरक पडतो.

एका पंख्याचं साधं किट

एक ८० किंवा ९२ मिमीचा पंखा, दोन तारा, मध्ये एक स्विच. काहींच्या सोबत छोटं सोलर पॅनल असतं आणि पंखा फक्त उन्हात फिरतो. कल्पना वाईट नाही, कारण गरजही उन्हातच असते. पण संध्याकाळी सहाला पॅनल मान टाकतं आणि पोकळीतली हवा मात्र रात्री नऊपर्यंत तापलेलीच राहते. एकच पंखा मधोमध लावला की कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना हवा कमी मिळते. हाताने चालू-बंद करायचा स्विच म्हणजे विसरण्याची हमी. ६०-८० लिटरच्या छोट्या फ्रिजला, मागची वाट सुधारलेली असेल तर, पुरेल. मोठ्या फ्रिजसाठी घेऊ नका.

दोन पंखे आणि कंट्रोलर

हे किट घ्यावं. १२० मिमीचे दोन पंखे एका पट्टीवर बसवलेले, एक तापमानाचा सेन्सर, आणि आत भिंतीवर लावायचा छोटा कंट्रोलर. चांगल्या किटमध्ये तापमान वाढेल तसा पंख्याचा वेग वाढतो. स्वस्त किटमध्ये तो एकदम पूर्ण वेगाने सुटतो. रात्री उशाशीच जाळी असेल तर या दोन्हींतला फरक झोपेवरून कळतो.

घेताना चार गोष्टी तपासा. पहिली, बेअरिंग. स्लीव्ह बेअरिंगचा पंखा गरम जागेत, त्यातून आडवा बसवला की लवकर कुरकुरायला लागतो. बॉल बेअरिंग किंवा फ्लुइड बेअरिंग लिहिलेलं असावं. दुसरी, व्होल्टेज. गाडीची बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टपर्यंत जाते, आणि संगणकासाठी बनवलेले बरेच पंखे नेमक्या १२ व्होल्टचे असतात. कंट्रोलरवर १० ते १५ व्होल्ट अशी मर्यादा छापलेली असली तर निर्धास्त घ्या. तिसरी, पाणी. पंखा वरच्या जाळीमागे बसतो आणि पावसाचा सपकारा तिथे पोचतो, त्यामुळे धूळ-पाण्याला टिकण्याचा आयपी५५ किंवा त्याहून वरचा दर्जा बरा. चौथी, सेन्सरची तार निदान दीड मीटर हवी. ती आखूड असली की लोक सेन्सर सोयीच्या जागी चिकटवतात, योग्य जागी नाही.

विजेचा खर्च नगण्य आहे. एक पंखा साधारण ०.१५ अँपिअर घेतो. दोन मिळून ०.३, दिवसात दहा तास चालले तर ३ अँपिअर-तास, अखंड चालले तर ७.२. शंभर अँपिअर-तासाच्या बॅटरीला हे जाणवतही नाही.

पंख्यांच्या वेगाचं कौतुक जाहिरातींत फार असतं. प्रत्यक्षात फिनवरून सतत सरकणारी मंद हवा पुरते, वादळ नको. जास्त जोराच्या पंख्याने आवाज वाढतो, धूळ जास्त ओढली जाते आणि गॅसवर चालताना ज्योत थरथरते.

सुटे भाग आणून

हात चालत असेल तर हा सगळ्यात किफायती मार्ग. १२० मिमीचे दोन पंखे, ४५ अंशांना जोडणी करणारा केएसडी३०१ जातीचा थर्मल स्विच, १ अँपिअरचा फ्यूज, ०.७५ किंवा १ चौरस मिमीची वायर, ॲल्युमिनियमची एल-पट्टी आणि रबरी वॉशर एवढंच सामान. स्विच घेताना ‘नॉर्मली ओपन’, म्हणजे गार असताना जोडणी तोडून ठेवणारा, मागा. चुकून नॉर्मली क्लोज्ड आला तर पंखे थंडीत फिरतात आणि तापलं की बंद पडतात, आणि ही चूक दिसते तितकी दुर्मिळ नाही. स्वस्त स्विचच्या चालू आणि बंद तापमानांत १०-१५ अंशांचं अंतर असतं. त्याने काही बिघडत नाही. पंखे थोडे जास्त वेळ फिरतात, इतकंच.

बसवताना

फ्रिज बंद करा, गॅसचा कॉक बंद करा, मागचा भाग गार होऊ द्या. पट्टी वरच्या जाळीच्या आतल्या बाजूला, कंडेन्सरच्या वर किंवा बरोबरीने, पंख्याचं तोंड बाहेर. पंख्याच्या कडेवर हवेची दिशा दाखवणारा बाण असतो. तो बाहेरच्या बाजूला रोखलेला हवा. पंखा आणि जाळी यांच्यात एखादा सेंटिमीटर सोडा, नाहीतर जाळीच्या पट्ट्यांवर आपटून हवा शिट्टी वाजवते. पंख्यांच्या भोवती उरलेली जागा पत्र्याने किंवा ॲल्युमिनियम टेपने बंद करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग पंख्याने बाहेर टाकलेली हवा बाजूच्या फटीतून परत आत येऊन गोल गोल फिरत राहते.

पंखे खाली लावून हवा वर ढकलावी, असाही एक पंथ आहे. कंडेन्सरच्या लगेच खाली, फिनमधून वर फुंकणारे पंखे उत्तम काम करतात. तिथली हवा तुलनेने थंड असल्याने ते टिकतातही जास्त. वरची जाळी कंडेन्सरपेक्षा खाली असेल, जसं ओट्याखालच्या फ्रिजमध्ये होतं, तिथे हीच जागा जास्त उपयोगी पडते. पण अगदी तळाशी, बर्नरच्या रोखाने पंखा कधीही लावू नये. ज्योत विझते, सुरक्षा झडप गॅस तोडते आणि सकाळी फ्रिज कोमट.

धुराची नळी कुठून बाहेर पडते तेही पाहा. काही रचनांत ती वरच्या जाळीतूनच निघते. तिच्यासमोर प्लास्टिकचा पंखा लावला तर तो वितळेल. वायरही तिच्यापासून लांब बांधा.

सेन्सर किंवा थर्मल स्विच कंडेन्सरच्या नळीला, जिथून वाफ आत शिरते त्या टोकाकडच्या फिनमध्ये, धातूच्या क्लिपने अडकवा. किटसोबतची दुहेरी चिकटपट्टी तिथल्या उष्णतेला महिनाभरही पुरत नाही. बॉयलरवर किंवा त्याच्या आवरणावर सेन्सर लावू नका. तिथे तो कायम गरमच असणार. आणि नळ्यांच्या संचाला भोक, स्क्रू, डाग काहीही नको. आत दाबाखाली अमोनिया आणि हायड्रोजन आहे. भिंतीत स्क्रू घालण्यापूर्वी पलीकडे गॅसची नळी नाही ना, ते पाहा.

वीज बॅटरीच्या कायमच्या लाइनवरून घ्या, फ्यूज उगमाजवळ लावा. फ्रिजच्या १२ व्होल्ट हीटरच्या तारेवरून घेतली तर इंजिन बंद झालं की पंखेही बंद होतात, आणि फ्रिज गॅसवर असताना, म्हणजे खरी गरज असताना, ते फिरतच नाहीत.

जे पंख्याने सुटत नाही

पातळी. फ्रिजमधला द्रव उतारावरच वाहतो, त्यामुळे गाडी कलती उभी असेल तर तो नळ्यांत अडतो आणि बॉयलर कोरडा तापतो. बऱ्याच फ्रिजची मर्यादा सुमारे ३ अंशांची असते. ६० सेमी रुंदीत ते जेमतेम ३१ मिमी होतात. पाणसळ गाडीच्या जमिनीवर नाही, फ्रीझरच्या तळावर ठेवून दोन्ही दिशांना पाहा. रस्त्यावर चालताना गाडी हलत राहते म्हणून चालून जातं. उभ्या गाडीचा कल चालत नाही.

१२ व्होल्ट. ही बाब लोक सगळ्यात कमी तपासतात. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने बदलते, त्यामुळे थोडी घट मोठी होऊन बसते. १७० वॅटचा हीटर म्हणजे सुमारे १४ अँपिअर. इंजिनजवळच्या बॅटरीपासून फ्रिजपर्यंत १० मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर तार, आणि ती २.५ चौरस मिमीची असेल, तर १२.६ व्होल्टमधले फ्रिजपाशी साधारण १०.८ उरतात. शक्ती १३८ वॅटवर येते. तीच तार ६ चौरस मिमीची केली तर ११.८ व्होल्ट आणि १६४ वॅट. गंजलेला प्लग आणि ढिला रिले यांची घट वेगळीच. फ्रिज चालू असताना, थेट हीटरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून मोजा. बंद असताना मोजलेलं व्होल्टेज नेहमीच छान दिसतं. तरीही १२ व्होल्ट हा प्रवासात गारवा टिकवण्यापुरताच समजावा. गाडी उभी करून त्यावर ठेवला तर शंभर अँपिअर-तासाची बॅटरी सात तासांत आडवी.

२३० व्होल्टवरही तेच गणित. मुक्कामाच्या तळावरच्या लांब केबलमुळे २०० व्होल्ट येत असतील तर हीटर तीन-चतुर्थांश शक्तीवरच चालतो. गरम दुपारी गॅसवर फ्रिज जास्त थंड होतो, असं बरेच जण म्हणतात. त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

गॅस. ज्योत स्थिर आणि निळी हवी. पिवळी ज्योत, काजळी किंवा भक्क आवाज म्हणजे बर्नरवर गंज पडलाय किंवा जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक तोंड, चोंदलाय. जेटच्या छिद्रात सुई किंवा तार घालू नका. छिद्र केसभर जरी मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. तो अल्कोहोलमध्ये भिजवून हवेने फुंकतात, किंवा सरळ बदलतात. धुराच्या नळीतली लोंबती पट्टी काढून काजळी झाडायची आणि होती त्याच उंचीवर परत लावायची. वर्षातून एकदा हे काम गॅसच्या परवानाधारक माणसाकडून करून घ्या; शेवटी गळतीची तपासणी होते ती त्याच्याकडेच.

दार. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंनी सारखी अडकली पाहिजे. सैल जागी रबर कोमट पाण्याने पुसा, हेअर ड्रायरने हलकं तापवून हाताने आकार द्या. फाटलेलं असेल तर बदला. आणि दाराची खिट्टी पाहा. बऱ्याच फ्रिजना गाडी बंद ठेवताना दार किंचित उघडं राहावं म्हणून खिट्टीची दुसरी जागा असते. मोसमाच्या सुरुवातीला ती तशीच राहून जाते आणि मग सगळीकडे दोष शोधला जातो.

आतला छोटा पंखा

बॅटरीवर चालणारा, फळीवर ठेवायचा. त्याने फ्रिजची ताकद वाढत नाही, हे आधी स्पष्ट असू द्या. होतं काय, तर आतल्या बाष्पकाच्या फिनजवळ (मागच्या कंडेन्सरच्या नव्हे) थंड आणि दारातल्या कप्प्यात कोमट, असा जो भेदभाव असतो तो कमी होतो, आणि गरम फ्रिज पहिल्यांदा थंड व्हायला लागणारा वेळ घटतो. तो फिनच्या खाली ठेवून हवा वर जाईल असा लावा. फ्रिज गच्च भरलेला असेल तर तो निरुपयोगी. दोन-तृतीयांश भरा, फळीवर प्लास्टिक किंवा कागद अंथरू नका, फिनना पिशव्या टेकू देऊ नका. एवढं केल्यावर पुष्कळांना पंख्याची गरजच उरत नाही. घ्यायचाच तर स्वस्तातला घ्या. महागाने वेगळं काही होत नाही.

बाकीची शिस्त सगळ्यांना ठाऊक असते आणि घाईत पाळली जात नाही. निघण्याच्या आदल्या रात्रीच फ्रिज २३० व्होल्टवर लावायचा, सामान घरच्या फ्रिजमधून थंड करूनच भरायचं, आणि फिनवर ३ मिमीच्या वर बर्फ साचला की वितळवायचा. चाकूने खरवडून नव्हे.

कॉम्प्रेसर फ्रिजवाल्यांनी हे किट घेण्याची घाई करू नये. त्याला स्वतःचा पंखा असतोच आणि मागे फेकायची उष्णता बरीच कमी असते. तिथे कंडेन्सरवरची धूळ, बंद कपाटात कोंडलेली हवा आणि बारीक तारेमुळे कमी व्होल्टेजला पडणारा कट-ऑफ, हे तीन दोष आधी पाहावेत.

आणि एक परिस्थिती अशी असते की तिथे किट, पत्रा, तार काहीच लागू पडत नाही. गाडी समतळ आहे, २३० व्होल्ट पूर्ण मिळतायत, बॉयलर चांगला तापलाय, बारा तास होऊन गेले आणि फ्रीझर तरीही कोमटच. नळ्यांवर किंवा बॉयलरच्या आवरणाखाली पिवळी भुकटी दिसली, तर ते गंज रोखण्यासाठी आत घातलेलं सोडियम क्रोमेट, म्हणजे नळी फुटलेली आहे. भुकटीला हात लावू नका. ती विषारी असते. अमोनियाचा उग्र वास येत असेल तर फ्रिज बंद करा, गॅस बंद करा, खिडक्या उघडून बाहेर या. फ्रिज काढून उलटा ठेवण्याचा जुना तोडगा अडलेल्या नळीला कधीकधी लागू पडतो, फुटलेल्या नळीला कधीच नाही. तिथे मागचा संपूर्ण शीतक संच बदलावा लागतो. त्या खर्चाची नव्या फ्रिजच्या किमतीशी तुलना करूनच काय ते ठरवा, आणि संच बदलत असाल तर फ्रिज बाहेर निघालेला असतानाच पत्र्याचे ते दोन तुकडे बसवून घ्या. नंतर जाळीच्या भोकातून हात घालून ते काम तिप्पट वेळ खातं.